‘पिणारा स्वतः बोलेल का?’

आमच्या भोसरीत दारू सोडवणाऱ्यांच्या जाहिरातींना तोटा नाही. बसथांब्यामागच्या भिंतीवर एक, विजेच्या डीपीवर दुसरी. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ आणि खाली मोबाईल नंबर. माझा भाऊ रोज पिणारा, म्हणून भावजयीने त्यातला एक नंबर उतरवूनही आणला होता. पूड भाजीत कालवायची, त्याला पत्ताही लागणार नाही म्हणे. मी तिला घेऊन आधी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, ते बरंच झालं. अशा पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही, म्हणाल्या. त्यात डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायच्या औषधाची, गोळी कुटलेली असली आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं, जीवही जाऊ शकतो. ती गोळी द्यायची तर त्याला सांगून, तपासण्या करून, तो हो म्हणाला तरच.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. तेव्हा घरात देवासमोर शपथ घालून सोडवायचं नाही, आधी डॉक्टर.

शपथा आमच्याकडे ढिगाने झाल्या होत्या. पंढरपूरला नेऊन माळ घातली, तर पठ्ठ्या संध्याकाळी माळ काढून विठोबाच्या तसबिरीच्या खिळ्याला टांगायचा आणि मग बाहेर पडायचा. देवाचा अपमान नको! श्रावण मात्र वर्षानुवर्षं कडक पाळला. गटारीला पोटभर, मग महिनाभर थेंब नाही. ‘बघ ताई, बेवडा असतो तर जमलं असतं का?’ या एका वाक्यावर त्याने आम्हाला किती वर्षं गप्प बसवलं. शेवटी शेवटी श्रावणाचा पहिला सोमवारही निघेना.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला एए म्हणतात तो दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्याचा हेल्पलाइन नंबर मी मोबाईलवर शोधला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पिणारा स्वतः बोलेल का?” माझं डोकंच फिरलं. तो बोलला असता तर मी कशाला फोन केला असता? ते म्हणाले, “त्याने एकदा हो म्हणू दे, आम्ही दोघं घरी येतो. तोपर्यंत तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, पत्ता घ्या.” मी काय पिते का, असं पुटपुटत गॅसच्या पावतीमागे पत्ता खरडला.

भाऊ हो म्हणाला तो दवाखान्यातून घरी आल्यावर, तेही कुरकुरत. दोघं खरंच आले. एक कंपनीतला फिटर, दुसरे निवृत्त शिक्षक. किती पितोस, कधीपासून, असलं काही विचारलंच नाही. चहा घेत आपापलीच कहाणी सांगत बसले. मास्तर म्हणाले, 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन असेच बोलत बसले होते, तिथून हे सुरू झालं. भावाने फिटरला एवढंच विचारलं, “तुमची पण माळ होती का?” होती.

मीटिंग महापालिकेच्या शाळेत भरते. बोर्ड नाही, वॉचमनला विचारायचं. पहिल्यांदा मी गेले ती खुली मीटिंग होती, म्हणून घरच्यांनाही बसता आलं. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. बाकं तिसरीच्या पोरांची, गुडघे मावत नाहीत. भिंतीवर पाढे. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढं पुरतं. एक जण बोलतो तेव्हा मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. आमच्या घरात ही गोष्ट मी कधी पाहिलेली नाही. शेवटी एक पिशवी फिरते, सभासद दहा-वीस रुपये टाकतात. मी टाकायला गेले तर हळूच नको म्हणाले, बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत. त्या दिवशी एकाचा ‘बर्थडे’ होता, दारू सोडल्याला सात वर्षं. केक त्याच्या लेकीने भरवला आणि हात त्याच्याच शर्टाला पुसले.

अल-अ‍ॅनॉनची खोली वेगळी. सगळ्या बायका. बायको, आई आणि माझ्यासारखी एखादी बहीण. शेजारची बाई मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होती. पानं पिशवीत, देठ रुमालात. निवडता निवडताच म्हणाली, “त्याची दारू मी लावली नाही, माझ्या आवरण्याने ती आवरणार नाही आणि माझ्याने ती बरी होणार नाही.” हे त्यांच्याकडे सगळ्याच म्हणतात, नंतर कळलं. मी तेव्हा भावाच्या खिशातल्या नोटा मोजत असे, तोंडाचा वास घेत असे. नोटा अजून मोजते. वास घेणं सुटलं. भावजय एकदाच आली. तिला वाटलं, नवऱ्याचं एटीएम कार्ड ठेवून घ्यावं की नको ते इथे कुणीतरी सांगेल. कुणी सांगितलं नाही, म्हणून ती चिडली. तिचंही खरंच आहे, पगार महिन्याला एकदाच होतो.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. संध्याकाळी सात ही काय बायकांची वेळ झाली? स्वयंपाक कुणी करायचा? दुपारची ठेवा म्हणून मी दोनदा मांडून बघितलं, पण कामावर जाणाऱ्या जास्त आहेत.

कुणी शोधत असाल तर फोनवर मीटिंग खुली की बंद ते आधी विचारा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर ओडोमॉस लावून जा, शाळेमागे नाला आहे.