स्वीटकॉर्न लॉग, सीझन ३: शेवटी कोणतं हायब्रिड ठेवलं

यंदा तीन हायब्रिड एकाच रानात टोकले होते, साधं गोड एसयू, जास्त गोड एसई आणि सगळ्यात गोड सुपरस्वीट एसएच२ (ही नावं गोडी ठरवणाऱ्या जनुकांवरून), काल शेवटची कणसं काढली. आधीची दोन वर्षं मी नुसता गोडवा बघून बियाणं घेतलं, पण उघड्या रानात आधी बी उगवून आलं पाहिजे, ताट वाऱ्यात उभं राहिलं पाहिजे, गोडीचं मग बघू.

सुपरस्वीट म्हणजे एसएच२ वालं बी हातात घेतलं की कळतंच, सुरकुतलेलं, एकदम हलकं, आत स्टार्च कमी म्हणजे कोंबाला शिदोरीच कमी. थंड ओल्या मातीत कुजतं ते. माती १४ डिग्री असताना टोकलं तर ५० पैकी १९ आले, मग थांबलो, माती १९ ला गेल्यावर त्याच पाकिटातलं बी जेमतेम अडीच सेंटीमीटर खोल टाकलं, ५० पैकी ४१! साधं एसयू मात्र १४ डिग्रीलाच ४० आलं होतं, उगवणीला त्याला तोड नाही, पण तोडल्यावर त्याची साखर भराभर स्टार्च होते, सकाळचं कणीस रात्री पिठूळ लागतं.

आता परागाचं, हे प्लीज सिरियसली घ्या. सुपरस्वीटच्या केसांवर दुसऱ्या मक्याचा पराग पडला तर पुढच्या पिढीत नाही, त्याच कणसात दाणा टणक होतो. माझ्या त्या पहिल्या १९ ताटांचं हेच झालं, शेजारच्या एसईचे तुरे त्याच आठवड्यात फुटले. कणीस सोललं तर गुबगुबीत गुळगुळीत दाणे, दिसायला मस्त, चव चाऱ्याच्या मक्याची. खूप वाईट वाटलं. उशिराच्या लॉटला केस आले तेव्हा बाकीचे तुरे झडून गेले होते, ती कणसं अस्सल गोड निघाली. एकतर ७५ मीटर तरी लांब लावा, नाहीतर तुऱ्यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

एसई चवीला मऊ, मला फार आवडलं, पण ताट उंच, एका वादळी रात्री निम्मं लोळलं, आणि कणसाचं टोक उघडं राहतं म्हणून अळी सरळ आत. सुपरस्वीटचं आवरण टोकापर्यंत घट्ट होतं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, लष्करी अळी मात्र तिन्हींत होती.

तर पुढच्या सीझनला फक्त सुपरस्वीट, माती १८ च्या वर गेल्याशिवाय टोकणार नाही. लांब दोन ओळी न करता सहा ओळींचा चौकोनी ब्लॉक करतोय, कारण एका केसावर पराग पडला तरच त्याचा एक दाणा भरतो आणि कडेच्या ओळीत यंदा बरीच कणसं अर्धवट भरली होती.