क्षारता घसरली, पण समुद्राची नव्हे

देवगडसमोरचा बोया, म्हणजे समुद्राची मोजमापं घेणारा तरंगता संच, डेकवर घेतला, तर वाहकता सेन्सरची (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारा) नळी बार्नेकलने, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या जीवांनी, गच्च. असे जीव चिकटू नयेत म्हणून तांब्याची जाळी होती तरी.

डेटात क्षारता हळूहळू उतरत गेलेली. पाऊस नाही, खाडीचं पाणी एवढ्या बाहेर पोचत नाही, तापमान ठीक. तिथेच ओळखायचं. नळी आतून चोंदली की वाहकता कमी दिसते, मग तिच्यावरून काढलेली क्षारताही.

साफ करताना आत ब्रश नको, इलेक्ट्रोडवरचा प्लॅटिनमचा थर जातो. पातळ ब्लीच, सौम्य डिटर्जंट, मग भरपूर गोडं पाणी. पण त्याहून महत्त्वाचं काम बोया उचलण्याआधीचं: जहाजावरून सीटीडी (वाहकता, तापमान, खोली मोजणारं उपकरण) शेजारीच, त्याच खोलीवर सोडायचा. ती तुलना नसेल तर मागचा डेटा कशाच्या आधारावर दुरुस्त करणार? आणि घाईत नेमकी हीच पायरी गळते.

बाजूला तुटलेल्या गळाच्या दोऱ्यांचा गुंता. खलाशी म्हणाला, "सायबानू, ह्येच्या खाली मासो बरो गावता."

खरंच आहे ते. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, मागोमाग होड्या येतात. दोऱ्या केबलला अडकतात, कुणी होडीच बांधतं.

बोया टाकायच्या आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन जागा सांगायला काय हरकत आहे?