पाण्याचं रॉकेट: टेस्ट स्टँड तयार, आता सगळं न्यूटनमध्ये

मंडळी, स्टँड उभा राहिला: दाबाच्या हवेने पाणी खाली फेकणारं रॉकेट न उडवता जागीच धरून त्याचा थ्रस्ट, म्हणजे वर ढकलणारं बल, मोजायचा. २ लिटरची बाटली, तोंड खाली, ९ मिमीचं नोझल. वर लोखंडी चौकटीत २० किलोचा लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) आणि त्याचा सिग्नल आकड्यांत बदलणारं एचएक्स७११ मॉड्यूल. हे मॉड्यूल मुळात सेकंदाला १० नोंदी देतं आणि आपलं पाणी साधारण अर्ध्या सेकंदात संपतं, म्हणून रेटची पिन बदलून ८० वर आणलंय. आलेख आता वाचण्याजोगा येतो.

स्टँड बांधण्यापेक्षा जास्त वेळ मी एककं लावण्यात घातला, आणि तो घालावाच असं माझं ठाम मत आहे. बाटलीत ६०० ग्रॅम पाणी भरतो ते वस्तुमान. पंपाच्या गेजवर ४ किलो प्रति चौरस सेंमी दिसतं, तिथे किलो म्हणजे बल. कॅलिब्रेशनला, म्हणजे सेलचे आकडे माहीत असलेल्या बलाशी जुळवायला, दुकानातलं शिक्क्याचं ५ किलोचं वजन टांगतो. त्यावर कोरलेलं असतं वस्तुमान, पण सेलला कळतो तो फक्त ताण. पुण्यात गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे तो ताण ४८.९ न्यूटन. कोडमध्ये हाच आकडा दिलाय.

आता थ्रस्ट. पाण्यासाठी ढोबळ सूत्र: दुप्पट दाब गुणिले नोझलचं क्षेत्रफळ. ४ किलो दाबाला सुरुवातीचा थ्रस्ट येतो ४९.९ न्यूटन, बोलीभाषेत ५.०९ किलो. भरलेलं रॉकेट ७५० ग्रॅमचं. कुणी ५.०९ ला थेट ०.७५ ने भागलं तर उत्तर येतं ६.८, आणि ते त्वरण समजलं तर ९.७८ पेक्षा कमी, म्हणजे रॉकेट जागचं हलणारच नाही! खरं तर ते ६.८ म्हणजे थ्रस्ट आणि वजनाचं गुणोत्तर, आणि ते चांगलंच आहे. न्यूटनमध्ये मांडा: ४९.९ भागिले ०.७५ म्हणजे ६६.५, त्यातून ९.७८ वजा, उरलं ५६.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. उडतंय, आणि झकास उडतंय.

आलेखातली सगळ्यात सुंदर जागा शेवटी आहे. भरलेली बाटली लटकवून टेअर केलं, म्हणजे तिथलाच आकडा शून्य धरला, तर पाणी संपल्यावर रेषा शून्यावर येत नाही, जवळजवळ ५.९ न्यूटनवर थांबते. सेलमध्ये काही बिघाड नाही. गेलेल्या ६०० ग्रॅम पाण्याचं वजन आता खाली ओढत नाही, एवढंच. त्यामुळे थ्रस्ट काढताना जसजसं पाणी जाईल तसतसं त्याचं वजन वजा करत जावं लागतं. सरसकट ५.९ वजा केलं तर सुरुवातीचा थ्रस्ट उगाच कमी दिसतो.

स्पेसिफिक इम्पल्सला, म्हणजे झोताच्या वेगाला गुरुत्वत्वरणाने भागून सेकंदात मांडलेल्या इंजिनाच्या कार्यक्षमतेला, मात्र ९.७८ लावू नका. तिथे ठरलेला ९.८०६६५ च, पुणे असो वा चंद्र, कारण तो फक्त वेग सेकंदात बदलण्याचा गुणक आहे. आपला पाण्याचा झोत २८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे २.९ सेकंद. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचे निर्वातात ४५२ सेकंद होते. तरी सूत्र तेच, याचा मला फार आनंद वाटतो.

या विषयात नासाच्या मंगळयानाचं, मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं, नाव निघतंच. ते यान २३ सप्टेंबर १९९९ ला गमावलं, पण तिथे वस्तुमान आणि वजनाची गल्लत नव्हती. छोट्या थ्रस्टरांच्या इम्पल्सचे (बल गुणिले वेळ) आकडे पाउंड-फोर्स सेकंदात आले आणि न्यूटन-सेकंद म्हणून वाचले गेले; त्यामुळे त्यांचा परिणाम ४.४५ पट कमी धरला गेला. आपल्याला यातून घ्यायचं ते हे, की फाइलमध्ये नुसता आकडा ठेवू नये. माझ्या नोंदींच्या सीएसव्ही फाइलमध्ये आता प्रत्येक रकान्याच्या नावातच एकक आहे.

पुढे बाटलीवर प्रेशर सेन्सर बसवायचाय, म्हणजे दाब घसरताना थ्रस्ट सूत्राप्रमाणे घसरतो का ते पडताळता येईल. ८० पेक्षा जास्त वेगाने नोंदी घेणारं मॉड्यूल कुणी वापरलं असेल तर जोडणीचा फोटो जरूर टाका.