आतल्याचं काय?

अण्णा छत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी वर्कशॉपला लागली की हातातली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन मागच्या जोडचाकांभोवती (एका बाजूला दोन टायर, एक बाहेरचा, एक आतला) फिरायचे आणि एकेका टायरवर आपटायचे. टणक आवाज आला तर पुढे, बद्द आला तर हवा गेलेली. शाळेतून येताना मी डेपोत डोकवायचे, तेव्हा मलाही एक-दोनदा आपटू दिलं होतं. "बाहेरचा काय, आंधळ्यालाबी कळतोय. आतल्याला मार," म्हणायचे.

हे आठवलं ते थेट 2022च्या जुलैत, कॅलिफोर्नियात हायवे 99 वर तुलारेच्या आसपास. आमचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, सेकंडहँड, 28 फुटी, फोर्ड ई-450 च्या सांगाड्यावरचं. पुढे दोन टायर, मागे चार. पेट्रोल भरायला थांबलो तर नवरा म्हणाला, रबर जळल्याचा वास येतोय. मागचा उजवा बाहेरचा टायर हात लावू देईना इतका तापलेला. आतला? पार बसलेला. आधीच्या मालकाने आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हवा मारता यावी म्हणून लवचिक नळी जोडली होती, ती तडकली होती. आणि गाडी मी चालवत होते! स्टिअरिंगला काहीही जाणवलं नव्हतं. जोडचाकाची हीच खोड. एकाने जीव सोडला तरी दुसरा मुकाट ओझं उचलतो.

ओझं किती, ते नंतर ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जाऊन बघितलं. मागच्या अ‍ॅक्सलवर 9,100 पौंड, म्हणजे एका बाजूला 4,550. आमचा टायर एलटी 225/75 आर 16 मापाचा. ऐंशी पौंड हवेला तो जोडीत 2,470 पौंड वजन पेलतो, एकटा असेल तर 2,680. आतला गेल्यावर बाहेरच्यावर त्याच्या ताकदीपेक्षा जवळजवळ दोन हजार पौंड जादा. तो फुटला नाही, ही आमची पुण्याई. दोन्ही टायर बदलले. नळ्या काढून फेकल्या.

आता तुम्ही म्हणाल, टोयोटा कॅमरीसारख्या कारमध्ये हवा उतरली की दिवा लागतो, मग याच्यात का नाही? अमेरिकेत 2008च्या मॉडेलपासून टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण ती दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाड्यांना, आणि त्यातही मागे जोडचाकं असली तर सूट. आमचं धूड साडेचौदा हजारांचं. शिवाय तो दिवा लागतो हवा पंचवीस टक्के उतरल्यावर. ऐंशीचे साठ झाल्यावर मला कळून काय उपयोग?

मग टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी वेगळी सिस्टिम शोधायला बसलो. टीएसटी, टायरमाइंडर, ईझेडटायर ही नावं कॅम्पग्राउंडवर दर चौथ्या गाडीत ऐकू येतात. नवऱ्याचा जीव रंगीत पडद्यात आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये. फोनवर नकाशा चालू असतो, मध्येच पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो, त्यात टायरचा इशारा कोण बघणार? अ‍ॅप बाद. मी त्या दिवशी अण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. अलार्म, तापमान, उन्हावर चार्ज होणारा पडदा. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आतल्याचं काय?"

तिथून निवड सोपी झाली.

टायरमधली हवा मोजणारे सेन्सर तीन जातींचे. एक चाकाच्या आत, रिमला पट्ट्याने बांधलेला. उत्तम, पण बॅटरी संपली की टायर उतरवा. दुसरा टोपीसारखा, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा. हलका आणि स्वस्त, पण हवा भरायची तर दरवेळी काढायचा. आतल्या चाकापाशी, स्टीलच्या चकचकीत झाकणामागे, दोन बोटांनी चाचपडत तो काढून बघा म्हणजे कळेल. माझा एक तिथेच घरंगळला असता. तिसरा आरपार हवा जाऊ देणारा, न काढता हवा भरता येते. हाच घेतला. पण तो वजनाला जड, रबरी व्हॉल्व्ह चाक फिरताना त्याच्या भाराने वाकत राहतो आणि मुळाशी चिरतो. म्हणून ट्रकच्या टायरवाल्याकडून आधी सहाही चाकांना धातूचे कडक व्हॉल्व्ह बसवून घेतले, मागच्यांना लांब. त्यात सिस्टिमच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले. नवरा कुरकुरला. सिस्टिमच्या जाहिरातीत हा खर्च कुठेच नसतो, आणि माझ्या मते खरी खरेदी हीच.

बाकी दोनच गोष्टी बघितल्या. बॅटरी आपली आपण बदलता आली पाहिजे, आणि सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर सोबत हवा. मागच्या चाकापासून डॅशबोर्डपर्यंत मध्ये पत्रा, पाण्याची टाकी आणि माझी भांडी.

पहिल्या ट्रिपला मीच घोळ घातला. अतिसावध म्हणून कमी हवेचा अलार्म 76 वर लावला. फ्रीमाँटला 75 फॅरनहाइट तापमानात ऐंशी भरून निघालो, डोंगरावरच्या ट्रकी गावी मुक्काम, पहाटे 30. पाच वाजता सहाच्या सहा चाकांची बोंब! आकडा 75. थंडीने आठेक पौंड खाल्ले, आणि तितक्या उंचीवर बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे तीन परत मिळाले. टायरना काही झालं नव्हतं. आता 70 ला ठेवते. उलट, गाडी पळत असताना उन्हात नव्वदच्या पुढे जातात तेही चालायचंच, गरम टायरची हवा सोडायची नाही.

हिवाळ्यात गाडी उभी असते तेव्हा सेन्सर काढून वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते, बॅटरी वाचते. प्रत्येकावर चाकाचा नंबर लिहिलाय. आतल्या दोघांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.