डाव्या बाहीतलं पाणी: चोर सापडला!

मंडळी, गेल्या तीन अपडेटमध्ये माझ्या चामड्याच्या बाइक जॅकेटच्या ज्या डाव्या बाहीने छळलं, तिच्यात पाणी कुठून शिरतं ते काल रात्री कळलं. चामड्यातून नाही. ज्या कोपराच्या शिवणीवर मी आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी संशय घेतला होता, तिथूनही नाही.

लॅनोलिन (लोकरीतलं मेणचट तेल) आणि मधमाशीच्या मेणाचा तिसरा हात झाल्यावर पाठीवरून पाणी अळवावरच्या थेंबासारखं घरंगळत होतं, तरी मनगट ओलं ते ओलंच. म्हणून टिश्यू पेपरच्या सहा घड्या केल्या, पेनाने नंबर घातले आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत बाहीत ओळीने बसवल्या. हँडल धरल्यावर हात असतो तशी बाही तिरकी टांगली आणि दहा मिनिटं शॉवर सोडला. पाच आणि सहा कोरड्या ठणठणीत. एक नंबरचा लगदा, दोनवरची शाई पसरलेली, तीनची फक्त खालची कड ओली. म्हणजे पाणी खालून वर चढत होतं!

मग मनगटाचं तोंड प्लास्टिक आणि टेपने बंद करून तोच प्रयोग पुन्हा केला. सहाच्या सहा कोरड्या. टॉर्च लावून पाहिलं तर अस्तराची दुमड उसवून चामड्याबाहेर जेमतेम तीन मिलिमीटर डोकावत होती. समईची वात तेल ओढते तसं ते अस्तर पाणी ओढत होतं. उजवीकडची दुमड शाबूत आहे, म्हणून ती बाही कोरडी.

कोपराला आता तेल-मेणाचा एकही हात देणार नाही. तिथलं चामडं गरजेपेक्षा मऊ झालंय, ते मला खटकतंय. तेल-मेण जास्त झालं की चामडं सैल पडतं, आणि घसरलो तर अंग वाचवायचंय ते याच चामड्याने आणि याच टाक्यांनी. नीट्सफूट ऑइल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ करणारं तेल) रायडिंग जॅकेटवर नकोच, हे माझं मत आणखी पक्कं झालं. मेण जिरवायला हीट गन (खूप गरम हवा फेकणारं यंत्र) चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्याला साधा हेअर ड्रायर पुरतो. ओल्या चामड्यावर तर हीट गन धरूच नका, विशेषतः झाडाच्या सालीत कमावलेल्या. ते आक्रसलं की परत येत नाही.

माझ्या चामड्याच्या बुटांवर आलेला पांढरा थर बुरशी आहे की काय, त्याचाही निकाल लागला. ड्रायरची ऊब लागताच तो वितळून गेला, म्हणजे बुरशी नव्हती, आतली चरबी वर आली होती. ब्रश फिरवल्यावर टाचेला अशी चमक आलीय की बघत राहावं!

आता बाहीचं. दुमड परत शिवून वर सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा द्रव) लावायचा, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, दुमड पुन्हा उसवली की वात पुन्हा पेटणार. त्यापेक्षा अस्तर मनगटापासून पाच सेंटीमीटर आत कापतो आणि मधे पाणी न शोषणाऱ्या नायलॉनची पट्टी जोडतो. ओढ तिथेच तुटेल. सुई फक्त अस्तरातून आणि चामड्याच्या जुन्याच भोकांतून जाईल. नवीन भोक पाडायचं नाही.

थांबा, आत्ताच कॉलर उलटून पाहिली. तिथेही अस्तर अगदी काठापर्यंत आणलंय. टिश्यूच्या घड्या उरल्यात, शिवायला बसण्याआधी आज रात्री कॉलर शॉवरखाली.