लेकीची उंची, हाडांचं वय आणि तुईना

लेक सात वर्षांची झाली तेव्हा वाढीच्या तक्त्यावर तिची उंची सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहतो. इथे शाळेच्या फाटकापाशी आया जमल्या की मुलांच्या उंचीचा विषय निघतोच. मुलांची मालिश म्हणजे तुईना, कानाला चिकटवायच्या बिया, पाठीवरचे औषधी लेप हे सगळं मला तिथेच कळलं. घराजवळच्या एका मालिश केंद्राने तर उंची वाढवण्याचं पॅकेजच पुढे केलं. मोजमाप नाही, तपासणी नाही, पैसे मात्र आगाऊ. मला ते पटलं नाही. सरकारी रुग्णालयातल्या चिनी वैद्यकाच्या बालविभागात नंबर लावला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, पण सगळ्यात आधी उंचीच्या जुन्या नोंदी मागितल्या. वयाच्या चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी वाढतं; वेग त्याहून कमी असेल तर कारण शोधायलाच हवं, म्हणाल्या. आणि आम्हाला थेट एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोनचे विकार पाहणाऱ्या विभागात पाठवलं. चिनी वैद्यकाच्या डॉक्टरनेच असं करावं, याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तिकडे डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे झाला. त्यावरून हाडांचं वय कळतं. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्या भरून आल्या की उंची थांबते. मग कितीही चोळा. रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि आयजीएफ-१ (यावरून ग्रोथ हार्मोनचा, म्हणजे वाढीच्या हार्मोनचा अंदाज येतो) पाहिलं. मुलगी बुटकी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला गुणसूत्रांचा एक जन्मजात दोष) गुणसूत्रंही तपासतात, तीही तपासली. त्या निकालाची वाट पाहणं सगळ्यात जड गेलं. सगळं ठीक निघालं. हाडांचं वय खऱ्या वयाच्या मागे होतं, वाढीचा वेग मात्र बरोबर होता. नवराही बारावीनंतरच उंच झालेला. म्हणजे वाढ उशिराने होणार; ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांची गरज नाही.

मग तुईना कशाला? लेकीला भूक नव्हती आणि पोट साफ होत नव्हतं, म्हणून. अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवायचं, तळहातावर गोल चोळायचं, गुडघ्याखाली तिच्याच चार बोटांच्या अंतरावरचा बिंदू दाबायचा. शेवटी पाठ: माकडहाडापासून मानेपर्यंत कातडी चिमटीत धरून पुढे सरकवत न्यायची, तीन चिमटींनंतर एकदा वर उचलायची. हे डॉक्टरबाईंनी मला माझ्या हातांनी करायला शिकवलं. जेवल्यावर लगेच करायचं नाही, नखं कापलेली हवीत, पावडर लावायची. सुरुवातीला ती खिदळायची, आता रात्री स्वतःच पालथी पडते. कानाच्या बिया एका आठवड्यात खाज सुटली म्हणून काढल्या. उन्हाळ्यातल्या लेपात पांढरी मोहरी असते, त्याने फोड येऊ शकतात. शिवाय तो मुख्यतः दम्या-सर्दीसाठी, म्हणून नाही घेतला.

भूक सुधारली, पोटही. उंचीचं श्रेय मी मालिशीला देणार नाही, आणि डॉक्टरबाईंनीही कधी तसं सांगितलं नाही. थायरॉइड किंवा ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या मुलाचे आईबाप नुसत्या मालिशीवर वर्ष घालवतात तेव्हा माझा जीव तुटतो, कारण त्यावर उपचार आहेत आणि ते वेळेत व्हावे लागतात. म्हणून फाटकापाशी कुणी विचारलं की मी आधी एक्स-रेचं सांगते. आम्ही दर तीन महिन्यांनी उंची मोजतो, सकाळीच, एकाच भिंतीशी.