तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांची बाटली कोणी काढून घ्यायची?

“बाबांना वृद्धाश्रमात ठेवलंय, महिन्याचे पैसे भरतोय, मग त्यांची दारू आणि आईची मिश्री तिथल्या लोकांनी काढून घ्यायला नको का?” पंचवटी असो की गंगापूर रोड, मुलं-सुना हे हमखास विचारतात.

नाही, काढून घ्यायची नाही. ती खोली आता त्यांचं घर आहे. न विचारता कपाट उघडणं, उशीखालची डबी उचलणं चूकच. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक त्रासालाही लागू आहे. उपचाराबद्दल माणसाने घेतलेला निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि वृद्धाश्रम म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. तिथे कोणाला कोंडून ठेवता येत नाही.

दुसरं कारण जिवाचं आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जीव जाऊ शकतो. बशीतला चहा सांडायला लागला की “वय झालं” म्हणून सोडून देतात, तिथेच घात होतो. अशा वेळी थेट सिव्हिलला न्या आणि सलाइन लागण्याआधी दारूचं सांगा. ग्लुकोजच्या आधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतात, ती एका रात्रीत बंद करायची नसते.

म्हणून खरं काम प्रवेशाच्या दिवशीच असतं. काय घेता, रोज की कधीतरी, एक क्वार्टर म्हणजे 180 मिली की जास्त, शेवटची कधी घेतली, हे विचारून नोंदवा. मुलाला बाहेर बसवून विचारा. त्याच्यासमोर आकडा निम्मा सांगितला जातो.

आजींना तर कोणी विचारतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती सुटली की पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होते. कित्येकींचं सकाळी पोट साफ होणंही तिच्यावरच अवलंबून असतं. त्याची सोय आधी केली नाही तर डबी पुन्हा मागवली जाते. कवळी काढून तोंड बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर दंतवैद्याला दाखवा.

शेजारच्या पलंगावरच्यालाही हक्क आहेत. त्याच्या नाकात धूर जाऊ नये, शिवीगाळ होऊ नये. पलंगावर आणि ऑक्सिजन मशीनजवळ बिडी नकोच. आश्रमाला “आवारात दारू नको” असा नियम करता येतो, पण तो प्रवेशाआधी लेखी दाखवलेला हवा, आणि रोज पिणाऱ्याला घ्यायचं तर आधी डॉक्टरकडे पाठवून. नियम मोडला म्हणून जेवण, फोन, भेटीगाठी किंवा पेन्शनचे पैसे अडवायचे नाहीत. कोणी अडवले तर एल्डरलाइन 14567 वर स्वतः आजोबाही फोन करू शकतात; व्यसन सोडायचं असेल तर 14446. हे दोन्ही नंबर ऑफिसात नकोत, मोठ्या अक्षरात त्यांच्या पलंगाजवळ लावा.